बाबांच्या नावाचा टोप

शनिवार, १२ एप्रिल

रसायनीला कंपनीत होतो तेव्हा शिफ्ट संपली की लॉगबुकात नोंद करावी लागे. कुठला पंप चालू, कुठला बंद, कोण उशिरा आला. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून नोंद करावी असं काही घडतच नव्हतं, आणि पतपेढीने दिलेली ही डायरी कोरीच राहिली होती. आजपासून कामाला येईल. बाबांचा ट्रक मी स्वतः, घरच्या अंगणात दुरुस्त करणार आहे.

ट्रक वर्षभर ताडपत्रीखाली उभा आहे. बाबांनी त्यातून विटा नेल्या, पेंढा नेला, एकदा आख्खं बँडपथक नेलं. बाबा गेल्यावर मी जेमतेम चार फेऱ्या मारल्या, तर चौक गावाच्या अलीकडे त्याने बॉनेटमधून अशी वाफ सोडली की मागचा रिक्षावाला पाण्याची बाटली घेऊन धावत आला. इंजिन तापतं, एवढंच दुखणं आहे. पोशा मिस्त्री म्हणाला, गाडी आणून लाव, आठ दिवसांत देतो. पोशाचे आठ दिवस म्हणजे गणपतीपासून होळीपर्यंत. शिवाय माझं आयुष्य पंप आणि पाइप यांच्यातच गेलंय. इंजिन म्हणजे काय, चाकांवर बसवलेला छोटा प्लँट. आपला हात जगन्नाथ.

विनिता तांदूळ निवडत होती. तिला सांगितलं. म्हणाली, "करा. पन अंगणात तेल सांडू नका." बायकोचा असा भक्कम पाठिंबा असला की निम्मं काम झालंच.

आई म्हणाली, "सायकलची चेन तरी बसवता येती का रं तुला?" आईला या वयातही सगळं आठवतं, आणि नेमकं नको तेच आठवतं.

रविवार, १३ एप्रिल

आज कूलंट काढलं. कूलंट म्हणजे इंजिन थंड राहावं म्हणून रेडिएटरमधून फिरणारं पाणी आणि त्यात मिसळलेलं औषध. नवं असताना हिरवंगार असतं. आमचं कालच्या चहासारखं निघालं.

रेडिएटरच्या तळाचा नळ गंजून बसला होता. पान्याने जरा जोर लावला तर नळ फिरायच्या ऐवजी हातातच आला आणि धार सरळ बनियनवर. खाली बादली ठेवली होती. धार बादली सोडून चारी दिशांना जात होती. भोकात फडकं कोंबलं आणि मोठ्या तोंडाचं काहीतरी शोधायला धावलो.

यंदा गावकीच्या भांड्यांची किल्ली आमच्याकडे आहे. दर होळीनंतर ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते. ज्याच्याकडे किल्ली त्याने गावाची भांडी वर्षभर सांभाळायची, लग्नकार्याला मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची. गाव विश्वास टाकतं म्हणजे मान आहेच. भांड्यांची खोली देवळामागे, आमच्या अंगणातून हाकेच्या अंतरावर. दार उघडलं तर समोर मोठा जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा टोप. काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, 'कै. धाकलू मारुती यांचे स्मरणार्थ'. बाबांच्या नावाने आईनेच तो गावकीला दिलाय. म्हणजे ट्रक बाबांचा आणि टोपही बाबांचाच. घरातलं पाणी घरात. यात कुणाचं काय जातं?

टोप बरोब्बर मावला. एक थेंब बाहेर पडला नाही.

विनिता आली, बघत उभी राहिली. "टोप कुठला ह्यो?"

"आपलाच. नाव वाच."

तिने वाचलं. मग आत जाऊन फळी आणली, टोपावर ठेवली, फळीवर दगड ठेवला. आत कचरा पडू नये म्हणून. मी म्हटलं ना, पाठिंबा आहे. एवढ्यात शेजारच्या विलासचा कुत्रा हुंगत आला तर तिने त्याच्यामागे काठी फेकली. "गोड लागतं ते त्यांना. माज्या भावाचं कुत्रं असंच गेलं." तिच्या भावाचं कुत्रं म्हातारं होतं, हे मी बोललो नाही.

मग म्हणाली, "चांगोकाकांना सांगून या." चांगोकाका गावकीचे प्रमुख. मी म्हटलं, काम झालं की धुऊन जागेवर ठेवतो, त्यात सांगण्यासारखं काय आहे? ती आत गेली. पटलं असावं.

मंगळवार, १५ एप्रिल

कूलंट मी आंब्याच्या मुळाशी ओतणार होतो. विनिताने दोन कॅन आणून पुढ्यात ठेवले आणि आंब्यासमोर उभी राहिली. कॅनमध्ये भरलं.

आज भाग सुटे केले. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झालं की कूलंटला वाट देणारी झडप, ती जाम होऊन मिटूनच बसली होती. वॉटर पंपाचं बेअरिंग खिळखिळं. रोग सापडला की डॉक्टरला किती आनंद होतो ते आज कळलं. सगळे भाग धुवायला डिझेल घेतलं. कशात घ्यायचं हा प्रश्नच नव्हता, टोप ओला होताच. तारेचा ब्रश घेऊन दुपारपर्यंत घासत होतो. पंपाच्या तोंडावर जुन्या गॅस्केटचा, म्हणजे सांधा गळू नये म्हणून बसवलेला, कागद असा चिकटला होता की ब्लेडने खरवडता खरवडता अंगठ्याला दोनदा लागलं. बोल्ट हरवू नयेत म्हणून विनिताच्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या घेतल्या.

घरात चांगली शांतता आहे. विनिता विचारलं तेवढंच बोलते. ऊन फार झालंय, थकत असेल. मला मात्र लक्ष लावून काम करता येतं.

बुधवार, १६ एप्रिल

आज काही विशेष नाही. पंप मिळेना.

विनिता दुपारी चांगोकाकांकडे गेली होती. काकांचा गुडघा दुखतो. परत यायला तिला संध्याकाळ झाली. एका गुडघ्याची विचारपूस करायला किती वेळ लागावा? बायकांचं मन मोठं असतं खरं.

शुक्रवार, १८ एप्रिल

आज चांगोकाका स्वतः आले. तरातरा चालत आले, विनिताच्या विचारपुशीचा गुण म्हणायचा. मी अंगणात होतो. टोपात भाग भिजत होते, वर फळी होती. मी खुर्ची आणायला वळलो तोवर काका त्या फळीवरच बसले.

ट्रकाकडे बघत म्हणाले, "काय रं हरेश, आखा उघडलास की. बसंल का परत?"

"बसंल काका. सगळ्याला खुणा करून ठेवल्यात."

"बरं. विलासच्या रुचिताची हळद हाय सव्वीसला. जेवनाला गावकीची भांडी लागतील." काकांनी फळीवर बोटांनी ताल धरला. "धड हायत ना समदी?"

"हायत की. लखलखीत."

"नक्की?"

"काका, किल्ली आमच्याकडं हाय ती काय उगाच?"

काका फळीवर जरा सरकून बसले. म्हणाले, "तुजा बाप लबाडी बोलला की कान लाल व्हायचं त्याचं." मी कानाला हात लावला नाही. ऊन फार होतं, कुणाचेही झाले असते. विनिताने चहा आणला. काकांनी तो फळीवर बसूनच प्यायला, बशीतून, फुंकत फुंकत. आपण कशावर बसलोय याचा त्यांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता. जाताना विनिताला म्हणाले, "बघू या." काय बघू या ते बोलले नाहीत. गुडघ्याचं असेल.

सुंठीवाचून खोकला गेला.

सोमवार, २१ एप्रिल

पंप आला, बसवला. नवा थर्मोस्टॅट बसवला, नवं गॅस्केट, नवे होजपाइप. तळाला नवा नळ. पोशा मिस्त्रीला फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाला, "मला वाटलं व्हतं तू मलाच बोलावशील." त्याचा आवाज जरा पडला होता.

मग टोप धुतला. साबण, राख, चिंच, सोडा, पुन्हा साबण. हौदाचं पाणी निम्मं संपवलं. टोप असा निघाला की बाबांचं नाव रस्त्यावरून वाचावं. विनिता दारात उभी होती. तिने जवळ येऊन आत वाकून बघितलं.

"वास हाय."

"जाईल गं दोन दिवसांत."

"वास जाईल," ती म्हणाली आणि आत गेली.

टोप खोलीत नेऊन पालथा घातला, कुलूप लावलं. प्रकरण संपलं.

मंगळवार, २२ एप्रिल

प्रकरण संपलं असं काल लिहिलं ते जरा घाईचं झालं.

सकाळी नवं कूलंट भरलं. भरताना कॅनवरचं वाचलं. कंपनीत ड्रमवरचं धोक्याचं चित्र वाचल्याशिवाय मी झाकणाला हात लावत नसे, नव्या पोरांनाही तेच शिकवलं. घरात मात्र चष्माही लावला नव्हता. लिहिलंय, पोटात गेल्यास विषारी, जीव जाऊ शकतो. खाण्यापिण्याच्या भांड्यात ठेवू नये. याच्यासाठी वेगळी ओळ, ठळक अक्षरात. म्हणजे हे करणारा मी पहिला नाही. त्याने काही बरं वाटलं नाही.

पण टोप मी घासला आहे. इतका घासलेला टोप गावाने बघितला नसेल. पाण्यात विरघळणारं ते धुतल्यावर जातंच. आणि डिझेल? आणि पंधरा वर्षांचा गंज, शिसं, काय काय त्या पाण्यात होतं ते? जर्मन मऊ असतं, तारेच्या ब्रशने आत चरे पडलेत. चऱ्यांत काय बसलंय ते मला दिसत नाही. कंपनीत कुणी मला असं म्हणाला असता की साहेब, घासलंय, तर मी त्याला गेटबाहेर काढला असता.

ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. चौकपर्यंत जाऊन आलो, तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून हलला नाही. वर्षभर ज्या क्षणाची वाट बघत होतो तो हाच होता, पण त्याचं काही वाटेना.

आईला पुढच्या सीटवर बसवून गावातून फेरी मारली. ती खुशीत होती. देवळाजवळ आलो तेव्हा भांड्यांच्या खोलीकडे बघून म्हणाली, "रुचिताच्या हळदीचं वरण तुज्या बापाच्या टोपात शिजंल. मी मुद्दाम मोठा दिलाय. त्याच्या नावाचं खाऊन कुनी उपाशी उठू नये." मी गाडीचा गिअर चुकीचा टाकला. आई म्हणाली, "काय रं, नवीन पंप ना?"

गुरुवार, २४ एप्रिल

चोराच्या मनात चांदणं. आज विलासने हाक मारली तर माझा घास खाली पडला. त्याला फक्त मांडवाचे बांबू आणायला ट्रक हवा होता.

काय करता येईल याचा विचार केला. टोपाला खिळ्याने भोक पाडावं, म्हणजे तो आपोआप बाद होईल. पण मग किल्लीवाल्याने भांडी सांभाळली नाहीत असं होईल. टोप गायब करावा, तर चोरी झाली असं होईल आणि बिचारा कुणीतरी तिसराच बोलणी खाईल. गप्प बसावं, तर कुणाला काही होणारच नाही बहुतेक. हा 'बहुतेक' मी कालपासून चावतोय, गिळला जात नाही. हळदीला आख्खं गाव जेवणार. विलासची नातवंडं, माझी आई. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण या मुठीतून मी लोकांना जेवायला वाढणार आहे.

सांगायचं म्हटलं तर काकांना तोंडावर लखलखीत म्हणून बसलोय. किल्ली जाईल, आणि पुढे माझ्या ट्रकात कोण माल भरेल? लोक म्हणतील, याला गावाचा टोप सांभाळता आला नाही.

ठरवलं, दुपारी जाऊन टोप हळूच घरी आणायचा. बांबू टाकून परत आलो तर खोली उघडी, आत निम्म्याहून जास्त रिकामं. विलासची माणसं भांडी घेऊन गेली होती. विनिताने किल्ली दिली, मोजून दिली.

मी विचारलं, "मोठा टोपही गेला?"

ती भाकऱ्या थापत होती. थांबली. "तुमी धुतलात ना?"

"हो."

"मग काय भ्यायचं?"

तिने सरळ माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. तव्यावरची भाकरी करपली. विनिताची भाकरी मी लग्नापासून कधी करपलेली बघितली नव्हती. मी म्हटलं, "कशाला भिऊ?" आणि बाहेर येऊन ट्रकाच्या काचा पुसल्या. पुसलेल्याच होत्या.

शनिवार, २६ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी मांडवात गेलो तेव्हा मागच्या अंगणात चुली पेटल्या होत्या. सगळ्यात मोठ्या चुलीवर मोठा टोप. काजळी धरू नये म्हणून टोपाला बाहेरून मातीचा लेप लावतात, तसा लावला होता, त्यामुळे नाव दिसत नव्हतं. पण आकार तोच. आधण आलं होतं आणि जनी, म्हणजे विलासची बहीण, डाळीची पाटी घेऊन उभी होती. विनिता तिच्या शेजारीच होती. सकाळपासून ती चुलीजवळून हलली नाही असं जनी म्हणाली. एरवी तिला धुराचा त्रास होतो.

मला वाटलं होतं काकांना कोपऱ्यात घेऊन सांगावं. पण पाटी कलली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जनी, डाळ टाकू नको."

सगळे बघायला लागले. भटारी, बटाटे सोलणाऱ्या बायका, चांगोकाका, मांडवातून पिवळ्या गालांची रुचिता. आता मागे फिरणं नव्हतं.

"त्या टोपात मी ट्रकाचं कूलंट काढलं व्हतं. डिझेलमधे इंजिनचं भाग धुतलं त्यात. कूलंट इखारी असतं. मी घासलाय, पन मला खात्री नाय. काका, तुमी इचारलंत तवा मी खोटं बोललो." कंपनीत असा अहवाल मी शुद्ध भाषेत दिला असता.

आधणाचा आवाज तेवढा येत होता. मग एक म्हातारी म्हणाली, "धाकलूच्या टोपात?" बस, एवढंच. मला आजवर कुणी इतकं लागेल असं बोललेलं नाही. आई खुर्चीवर बसली होती, तिने माझ्याकडे बघितलं नाही, पदराने तोंड पुसलं.

चांगोकाका उठले, माझ्याजवळ आले. "ह्यो टोप त्यो नव्हंच."

म्हणे बाबांच्या टोपाची कडी तुटलेली दिसली म्हणून त्यांनी तो विलासच्या पडवीत बाजूला काढून ठेवला, आणि हा दुसरा विलासच्या मेव्हण्याकडून कशेळ्याहून मागवला. नेमका आजच्याच दिवशी. देवाची कृपा म्हणतात ती ही. मी नंतर पडवीत जाऊन बघितलं तर दोन्ही कड्या धड होत्या. काकांची नजर आता कमी झाली असावी. पण त्यामुळे केवढा अनर्थ टळला!

काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पुढच्या कार्याच्या आत मी गावकीला नवा टोप द्यायचा, नाव तेच घालायचं. मी कबूल झालो. मग खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी माझी मूठ मिटली. "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. दुसऱ्याकडं दिली तर त्याच्याकडं कोन नजर ठेवील?" बायका हसल्या. विलासने पाठीवर थाप मारली, जरा जोरातच मारली. जनीने डाळ टाकली.

मला वाटलं होतं विनिताचा चेहरा उतरेल. ती बाजूला उभी राहून डोळे पुसत होती. धूर फार होता.

जेवणं आटोपल्यावर पडवीतला बाबांचा टोप घरी आणायला निघालो. एरवी एकटाच नेतो, पण विनिता मागून आली. एक कडी मी धरली, दुसरी विनिताने. मांडवाबाहेर आलो. मग ती म्हणाली, "पंधरा दिवस मी तुमच्याशी बोलत नव्हते."

मला खरोखर धक्का बसला. "मला वाटलं उन्हामुळं."

"ऊन," ती म्हणाली, आणि हसायला लागली. इतकी हसली की टोप खाली ठेवावा लागला.

"मग आता?"

"आता बोलतेय नव्हं?"

आणि सुटली. अंगणातल्या तेलाच्या डागांपासून सुरुवात झाली, मग हळदीच्या वाटीत सापडलेला बोल्ट, मग माझी आई, मग तिच्या भावाचं कुत्रं, जे म्हातारं नव्हतं, दोन वर्षांचं होतं. विलासच्या घरापासून आमच्या दारापर्यंत एवढंसं अंतर, पण आम्ही तीनदा थांबलो, कारण तिला हातवारे करायला हात मोकळा लागत होता. मी माझ्या बाजूची कडी धरून ऐकत होतो. ट्रक सुरू झाला तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.